मेघाराणीचे रविवार

दिवाळीचे दिवे उतरले की कारंज्याच्या रस्त्यांवर पांढरं काहीतरी उडायला लागतं. कापसाच्या गाड्या बाजाराकडे जातात आणि जाता जाता रस्त्याकडेच्या बाभळींना थोडा थोडा कापूस वाटत जातात. काट्याकाट्यावर पुंजके. मी इथल्या एका कॉलेजात हेडक्लार्क आहे. माझ्या टेबलाजवळच्या खिडकीच्या जाळीलाही एखादा पुंजका येऊन अडकतो. शिपाई तो झटकून टाकतो. मला तो झटकवत नाही. दरवर्षी या दिवसांत माझ्या बोटांच्या टोकांना काहीतरी टोचल्यासारखं होतं आणि पाठोपाठ एक जुनी लाज वर येते. ती मी कधी कोणाला सांगितली नव्हती. यंदा मात्र ती सांगावी लागली, आणि तेसुद्धा पाठीवर केप आणि कपाळावर मुखवटा लावून. म्हणून हे लिहितो आहे.

आमचं गाव धनजकडचं. लहानपणी या ऋतूत आमच्या घरात माणसांपेक्षा कापूस जास्त राहायचा. पुढची खोली खिडकीच्या गजांपर्यंत भरायची. खाट बाहेर जायची, देव वरच्या फळीवर जायचे, आणि आम्ही चौघं, माय, बाबा, सुनाताई आणि मी, उरलेल्या कोपऱ्यात मावायचो. कापसाला एक वास असतो. सरकीचा तेलकट, उन्हाचा, थोडा मातीचा. त्यात हात खुपसला की आतून ऊब लागते, जणू आत कोणीतरी झोपलेलं आहे. कोंबड्या त्यात जाऊन अंडी घालायच्या, आणि अंडं सापडलं की ज्याला सापडलं त्याचं, असा घरात कायदा होता. आम्ही दोघं माळ्यावरून त्या ढिगात उड्या मारायचो. माय ओरडायची, "अरे, दबून राह्यला ना कापूस! उतरा खाली, नाही तं पाठीची साल काढीन!" रात्रभर अंग खाजायचं. पण पडतानाचा तो एक क्षण, पाय सुटलेले आणि जमीन अजून आलेली नाही, तो आम्हाला रोज हवा असायचा. कारण त्या क्षणापुरते आम्ही मेघकेतू असायचो.

मेघकेतू रविवारी सकाळी टीव्हीवर यायचा. आमच्या गल्लीत एकच टीव्ही होता, शाळेतल्या मास्तरांच्या घरी. काळा-पांढरा, आणि त्याच्या काचेपुढे मास्तरांनी निळा प्लास्टिकचा कागद लावलेला. त्यामुळे मेघकेतूसुद्धा निळा, त्याचा शत्रूही निळा आणि मधे बातम्या लागल्या तर त्याही निळ्या. पाठीवर केप, डोळ्यांवर मुखवटा, छातीवर ढगाची खूण. तो दोन्ही हात पसरून ढगात शिरायचा तेव्हा मास्तरांच्या ओसरीवर बसलेली पंचवीसेक पोरं श्वास रोखायची. आता मुलीने मोबाइलवर त्याचे जुने भाग काढून दाखवले. डोंगर पुठ्ठ्याचे आहेत, ढग म्हणजे चक्क पिंजलेला कापूस आहे आणि एका ठिकाणी मेघकेतूच्या पाठीला बांधलेली दोरी स्पष्ट दिसते. मुलगी हसत सुटली. मीही हसलो. पण तो हात पसरून निघाला तेव्हा माझा श्वास पन्नाशीतही अडकला, हे मी तिला सांगितलं नाही.

अडचण एवढीच होती की रविवार हा वेचणीचा दिवस. शाळा नाही म्हणजे पोरांचे हात मोकळे. सकाळी सगळे वावरात. पण घरात कापूस भरलेला असताना घर उघडं टाकता येत नसे. शेळ्या शिरायच्या. म्हणून आम्हा दोघांपैकी एकाने घरी थांबायचं, राखण करायची आणि बारा वाजता भाकरी घेऊन वावरात यायचं, असं मायने ठरवलं होतं. एका रविवारी मी, एका रविवारी ताई. जो घरी थांबेल तो अर्धा तास दाराला कडी लावून मास्तरांच्या ओसरीवर पळणार, हे माय सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिल्या रविवारी माझी पाळी होती. दुसऱ्या रविवारी मी मायपुढे बोटं धरली. पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, बोंड उकललं की त्याची टोकं वाळून सुईसारखी होतात. कापूस ओढताना ती नखाच्या कडेला शिरतात. माझ्या दोन बोटांतून रक्त आलं होतं. माय विरघळली. "राहू दे आज. लहान हाय तो," ती म्हणाली. मी अकरा वर्षांचा होतो, ताई तेरा. ताईची बोटं कोणी पाहिली नाहीत. मी पाहिली होती. तिच्या सहा बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. तिसऱ्या रविवारी पुन्हा माझीच बोटं दुखली.

ताईने भांडण केलं नाही, सौदा केला. "तू पाह्य. पण सगळं सांगजो मले. एक बी गोष्ट सोडू नको." मग दुपारी मी भाकरीचं गाठोडं डोक्यावर घेऊन वावरात पोचायचो. बाया जेवायच्या. जेवण झालं की ताई आणि मी शेजारच्या दोन ओळी धरायचो. ती कमरेला फडकं बांधून त्याची ओटी करायची, दोन्ही हातांनी वेचायची, आणि मी तिच्या बाजूने चालत मेघकेतू सांगायचो. सांगताना माझे हात आपोआप थांबायचे. मग ती आपली ओळ वेचता वेचता वाकून माझ्याही ओळीतली बोंडं वेचायची, म्हणजे आम्ही एकत्र पुढे सरकू आणि एकही वाक्य हुकणार नाही. मी उगाच हातवारे करत चालायचो. माझी ओटी रिकामी आणि तिची टरारून फुगलेली. तेव्हा हे मला अगदी न्यायाचं वाटत होतं.

चौथ्या रविवारी लाइन गेली.

मास्तरांच्या ओसरीवर आम्ही बराच वेळ काळ्या काचेकडे बघत बसलो. मास्तर म्हणाले, "जा रे घरी, आज काही येत नाही." मी घरी आलो, कापसाच्या ढिगात शिरलो आणि झोपलो. जाग आली तेव्हा ऊन अंगणभर पसरलं होतं. भाकरी घेऊन पळतच वावर गाठलं. ताई ओळीच्या टोकाशी उभी होती. तिने माझी ओळ आधीच अर्धी वेचून ठेवली होती. गोष्ट लवकर सुरू व्हावी म्हणून.

"काय झालं आज? सुटला काय मेघकेतू त्या गुहेतून?"

तिच्या कपाळावर घाम होता आणि केसांत कापूस. लाइन गेली होती, एवढे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. मी म्हणालो, "सुटला."

"कसा?"

मी काहीतरी जुळवायला लागलो. गुहा, दगड, पूर. माझी गाडी सारखी अडत होती. तेवढ्यात तिनेच विचारलं, "काहून रे गजू, त्याले बहीण नाही काय?"

"हाय ना," मी म्हणालो. "आजच आली. मेघाराणी."

ताईचे हात थांबले. वेचणीत तिचे हात थांबलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. "कशी हाय?" समोर ती उभी होती, कमरेला ओटी, केसांत पांढरे पुंजके, चिंध्या बांधलेली बोटं. मला दुसरं काय सुचणार? मी सांगितलं की मेघाराणी ढगांच्या वावरात राहते. कमरेला ओटी बांधते. बोंडांतून कापूस वेचावा तशी ती ढगांतून विजा वेचते आणि ओटीत भरते. तिच्या बोटांना टोचतं, पण ती रडत नाही. तिने ओटी झटकली आणि गुहेचा डोंगर फुटला. मेघकेतू सुटला.

"आई वो!" ताई एवढंच म्हणाली, आणि उरलेली ओळ तिने कशी वेचली ते तिलाही कळलं नसेल.

त्या दिवसापासून खऱ्या मेघकेतूची मला अडचणच व्हायला लागली. मी खरा भाग बघायचो आणि वाटभर त्यात मेघाराणी कुठे घुसवायची याचा विचार करायचो. ताईला तीच हवी असायची. "ते जाऊ दे. मेघाराणी आली होती काय आज?" शेजारच्या ओळीतल्या बायाही कान द्यायला लागल्या होत्या. मला इतका आनंद आयुष्यात फार थोड्या वेळा मिळाला आहे. खोटं बोलण्याचा आनंद आहे हे कळत होतं, तरीही.

आणि मग एका शनिवारी संध्याकाळी माय म्हणाली, "उद्या सुना थांबीन घरी. लय झालं तुयं."

ताईने ते ऐकून मळकी वेणी सोडून पुन्हा घातली. शनिवारी संध्याकाळीच. रविवारी सकाळी मेघाराणी प्रत्यक्ष दिसणार म्हणून. ती ओसरीवर बसेल, अर्धा तास डोळे फाडून बघेल, आणि मेघाराणी येणार नाही. कधीच आली नव्हती. मी सकाळी उठलो, बोंडाच्या टोकाने स्वतःचा अंगठा खोल टोचून घेतला आणि रक्त येईपर्यंत दाबला. मग मोठ्याने रडलो. मायने कपाळाला हात लावला. ताईने माझ्याकडे पाहिलं, ओटीचं फडकं उचललं आणि बायांच्या मागून वावराच्या वाटेला लागली.

त्या मोसमात ती एकदाही मेघकेतू बघू शकली नाही. वेचणी उरकेपर्यंत मालिकाही संपली होती. गावातली शाळा सातवीपर्यंत, ताईची झालेली. मी शिकायला कारंज्याला आलो. ती वेचत राहिली आणि मग लग्न होऊन मानोऱ्याकडे गेली.

यंदा मुलीने, मुक्ताने, हा सगळा उद्योग आणला. ती अमरावतीला शिकते. तिच्या मित्रमैत्रिणींना आवडत्या पात्रांचे पोशाख करून मेळाव्यांना जायचा नाद आहे. मोठ्या शहरांत असे मेळावे होतात, तिथे ही पोरं पुठ्ठ्याची चिलखतं आणि रंगीत केसांचे टोप घेऊन रेल्वेने जातात. सुट्टीत आली आणि म्हणाली, "बाबा, आपण कारंज्यातच करतोय. मंगल कार्यालय मिळालंय. आणि पहिला तास आईबाबांचा. तुमच्या लहानपणचे हिरो. तुम्ही यायचं, पोशाखात."

मी आधी नाही म्हणालो, मग तासाभराने केपचं माप द्यायला शिंप्याकडे गेलो. शिंप्याने विचारलं, "साहेब, नाटक हाय काय?" मी हो म्हणालो. मी केप घालून बघितल्यावर बायको म्हणाली, "छान आहे. फक्त पोट आत घेऊन उडा." घरात दोन दिवस हसणं चाललं होतं. मीही हसत होतो, तोवर मुक्ता मोबाइल घेऊन आली.

"बाबा, सुनाआत्याला फोन केला होता. ती लगेच तयार झाली! म्हणे, मी मेघाराणी होणार. पण ही मेघाराणी कुठेच सापडत नाहीये. सगळ्या भागांची यादी बघितली. मेघकेतूला बहीणच नाहीये."

"जुनं आहे ते," मी म्हणालो. "तो भाग नेटवर टाकायचा राहिला असेल."

एवढी वर्षं उलटल्यावरही तोंडातून पहिलं खोटंच आलं. त्या रात्री मी नीट झोपलो नाही. त्या मेळाव्यात येणारी पोरं कशी असतात ते मुक्ताने मला सांगितलं होतं. कोणत्या भागात पट्ट्याचा रंग बदलला हेसुद्धा त्यांना पाठ. त्यांच्यासमोर माझी बहीण, पांढऱ्या केसांची, कधीच नसलेल्या बाईचा पोशाख करून उभी राहणार. कोणीतरी मोबाइल काढून म्हणणार, आत्या, असं कोणी नाहीच. आणि तिला तिथे, सगळ्यांसमोर कळणार.

मेळाव्याच्या दिवशी मी सकाळीच केप घालून एसटी स्टँडवर गेलो. लोक बघत होते. मानोऱ्याची गाडी लागली आणि तिच्यातून मेघाराणी उतरली. ढगाच्या रंगाचं पातळ, केसांत खोवलेले कापसाचे पुंजके, कमरेला चंदेरी कापडाची भलीमोठी ओटी, आणि तिच्यातून बाहेर डोकावणाऱ्या पत्र्याच्या विजा. तिने घरून निघतानाच सगळं घातलं होतं. मागून तिची शेजारीण कांताबाई उतरली. ती ताईबरोबर वेचायला जाते, आणि बाजाराचं निमित्त काढून आली होती.

"कंडक्टरनं इचारलं मले," ताई उतरता उतरताच सांगायला लागली, "कोणत्या देवीचं सोंग हाय वो? म्या म्हणलं, देवी नाही गा, मेघकेतूची बहीण. त्याले मेघकेतू मालूम होता!" मग तिने मला वरून खाली बघितलं. "गजू, तुया तं मेघकेतू लय खातेपेते घरचा दिसून राह्यला."

कांताबाई समोरच्या दुकानात पिशव्या बघायला गेली. मी ताईला चहाच्या टपरीवर नेलं. दोन कप आले. मी मुखवटा कपाळावर सरकवला, आणि चहाकडे बघत सांगितलं. लाइन गेली होती. मेघाराणी कोणत्याच भागात नव्हती. ती मी वावरात, तिच्यासमोर उभा राहून बनवली होती.

तिने कप खाली ठेवला.

"म्हंजे सगळ्याच रविवारचं?"

"तिचं सगळंच."

"अन् त्या पहिल्या दिवशी लाइन नव्हती, तं तू बारा वाजेपर्यंत काय करून राह्यला होता?"

"झोपलो होतो. कापसात."

"कापसात!" तिने एवढ्या जोरात म्हटलं की टपरीवाल्याने मान वर केली. "मी तिकडे उन्हात तुयी ओळ वेचून राह्यली, अन् तू कापसात झोपून राह्यला! लाज नाही वाटली लेका तुले?"

"वाटून राह्यली ना. तेच सांगतो."

तिला हसू आलं. मला तिथेच थांबता आलं असतं. पण मग अंगठ्याचंही सांगितलं. तिने वेणी पुन्हा घातली होती ते मला आठवतं, हेही सांगितलं. तेव्हा मात्र ती हसली नाही. रस्त्यावरून कापसाची एक गाडी गेली. तिने ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

"ताई, तू दुसरी कोणी हो," मी म्हणालो. "नुसती ढगांची राणी म्हणून सांग. कोणी इचारणार नाही."

"मी दुसरी कायले होऊ?" ती उठली, ओटी नीट केली. "चाल. टाइम होऊन राह्यला." पुढचा सगळा रस्ता ती कांताबाईशी बोलत चालली. माझ्याशी नाही.

मंगल कार्यालयात जिथे एरवी नवरानवरी बसतात त्या स्टेजवर पुठ्ठ्याचे रोबोट आणि निळ्या केसांच्या मुली फिरत होत्या. कोणाचे पंख दारात अडकत होते, कोणी कोणाच्या तलवारीला फेविकॉल लावत होतं. एका मुलीचा बाप पगडी-मिशा लावून आपल्या लहानपणच्या कॉमिकमधला दरोडेखोर झाला होता आणि खुशीने सगळ्यांना धमकावत होता. आजवर अशा गर्दीत मला नेहमी वाटायचं की आपण चुकीच्या जागी आलो. इथे वाटलं नाही. एका तरुणाने माझ्या छातीवरचा ढग पाहून थेट हात पसरून मेघकेतूसारखी सलामी दिली, आणि मीही पोट आत न घेता हात पसरले.

नावं पुकारली गेली. ताई स्टेजवर चढली. सूत्रसंचालन करणारा मुलगा रोबोट होता. त्याने पुठ्ठ्याचं डोकं वर करून विचारलं, "आत्या, मेघाराणी कोणत्या सीरियलमधली?"

मुक्ता माझ्या शेजारी उभी होती.

"कोणत्याच नाही," ताईने माइकमध्ये सांगितलं. "माह्या भावानं बनवली. लहानपणी. माह्यासाठी. मले बी आत्ताच मालूम झालं, चहा पेता पेता. तो पाहा तिथं उभा हाय, पोटवाला मेघकेतू. लय खोटारडा हाय."

हॉल हसला. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मुक्ताही बघायला लागली. मी मुखवटा खाली ओढून घेतला. रोबोटने विचारलं, "मग... म्हणजे तिची काही गोष्ट आहे का?"

"हाय ना."

इतक्यात मागच्या खुर्च्यांमधून कांताबाईचा आवाज आला. वावरात चार ओळी पलीकडे पोचावा असा. "सुने, ते विहिरीवालं सांग वो! मेघकेतू विहिरीत पडते ते!"

मी कांताबाईकडे पाहिलं, मग ताईकडे. विहिरीवालं? मी मेघाराणीला विहिरीवर कधीच नेलं नव्हतं. मेघकेतू विहिरीत पडल्याचं मी कधी सांगितलं नव्हतं.

"विहिरीवालं नको, लांब हाय," ताई म्हणाली. "सासूवालं सांगू काय?"

"विहिरीवालंच!" कांताबाई म्हणाली. "त्याच्यातच मजा हाय!"

ताई माझ्याकडे बघत होती. टपरीवरून निघाल्यापासून पहिल्यांदाच. "तू शिकाले गेला इकडे," ती माइकमध्येच म्हणाली, जणू हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. "मंग मले कोण सांगीन? बाया म्हणत, पुढचं सांग, पुढचं सांग. मंग मीच सांगत गेली. म्या बी तं म्हणत होती, टीव्हीत पाह्यलं म्हणून."

एवढी वर्षं मला वाटत होतं की ती माझ्या खोट्यात अडकून पडली आहे आणि तिला बाहेर काढायचं धैर्य माझ्यात नाही. आणि ती मानोऱ्याच्या वावरांत, ओळीमागून ओळ, मेघाराणीला माझ्या हाताबाहेर कुठल्या कुठे घेऊन गेली होती. तिथे आता सासू होती, विहीर होती, आणखी काय काय असेल. त्यातला एकही भाग मी पाहिला नव्हता.

पोशाखातली पोरं स्टेजसमोर जमिनीवर बसायला लागली. पंखवालीने पंख काढून मांडीवर घेतले. ताईने ओटीतल्या विजा हाताने आत सारल्या आणि सुरू केलं. उन्हाळ्याचे दिवस. विहिरीला पाणी नाही. मेघकेतू मोठ्या तोऱ्यात उडून राह्यला, खाली पाह्यत नाही.

"मंग?" मी न राहवून विचारलं.

"मधात बोलू नको," ताई म्हणाली. "खाली बस."

मी केप गोळा केली आणि पोरांच्या मधे जमिनीवर बसलो.